बाहुल्यांमागचा राउटर

वायर ओढायची नाही हे मी ठरवलं होतं, आणि ते वायफायमधलं काही कळत होतं म्हणून नव्हे. सासूबाई "वायर घालून घे" म्हणाल्या, म्हणून.

जूनमध्ये म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या आमच्या घरी इंटरनेट बसवायला माणूस आला होता. पन्नाशीचा, चष्मेवाला, कसलीच घाई नसलेला. त्याने हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीला, खाली कोपऱ्यात, राउटर स्क्रूने पक्का केला. मग माझ्या खोलीपर्यंत चालत गेला, वाटेतल्या भिंतींवर टकटक केली आणि कन्नडमध्ये म्हणाला, दीड फुटी भिंती आहेत, यांतून वायफाय रडतखडत जाईल. कामासाठी हवं असेल तर खोलीपर्यंत वायर ओढून देतो, अर्ध्या तासाचं काम.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "हौदु, होय, बरोबर सांगतोय तो. वायर घालून घे गं, मत्ते परत तरास नको."

त्यांना जगातलं सगळं कळतं असा त्यांचा समज आहे आणि एकवीस वर्षं मी तो सहन करत आले होते. "नको," मी म्हटलं, "घरभर वायरी लोंबलेल्या मला आवडत नाहीत." पुण्याला माझ्या माहेरी टीव्हीच्या मागे वायरींचं जंगल होतं आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण बोलून गेले ते गेले. माणसाने खांदे उडवले आणि तो गेला.

सप्टेंबरात मला काम मिळालं. बंगळूरच्या एका मोठ्या रुग्णालयात सांगली-सोलापूरकडचे पेशंट तपासण्या करून गावी परततात आणि पुढचं बोलणं व्हिडिओ कॉलवर होतं. डॉक्टर कन्नडमध्ये बोलणार, पेशंट मराठीत आणि मधे मी, दोघांचं एकमेकांना सांगणारी. माझं कन्नड सासूबाईंच्या बोलण्यांवर पोसलेलं, त्यामुळे पक्कं होतं. महिनाभर चाचणी होती आणि अट एकच: माझ्या बाजूने लाइन तिसऱ्यांदा तुटली की काम संपलं. बोलता बोलता गायब होणारी दुभाषी त्यांना नको होती, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. सतरा वर्षं घरी बसल्यावर शेहेचाळिसाव्या वर्षी हातात आलेलं काम होतं ते. घरी मी ही अट सांगितली नाही. पक्की नोकरी लागली, असं सांगून मोकळी झाले.

मग नवरात्र आलं. इथे नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. आमच्या घरात मराठी बोलत असले तरी सासरच्यांच्या कित्येक पिढ्या म्हैसुरात गेल्या, तेव्हा आमच्याकडेही पायऱ्या लागतात. पायऱ्या म्हणजे पत्र्याच्या ट्रंका, एकावर एक रचलेल्या आणि वरून पांढरं धोतर. सगळ्यात वर रक्तचंदनाची राजाराणी. जागा ठरलेली, हॉलची पूर्वेची भिंत. एकदा राजाराणी बसली की दसऱ्यापर्यंत काहीही हलवायचं नाही.

ट्रंका मीही उचलल्या. शेवटची ट्रंक राउटरच्या पुढ्यात आली ते मला स्पष्ट दिसलं. "आई, जरा अलीकडे घेऊ या का?" एवढंच विचारायचं होतं. पण मग त्यांनी का म्हणून विचारलं असतं आणि त्यानंतर वायरीचा विषय निघाला असता. मी गप्प बसले. फटीतून राउटरचा हिरवा दिवा दिसत होता, म्हणजे चालेल, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्याच दिवशी लाइन तुटली. चौथ्या दिवशी पुन्हा.

तो चौथ्या दिवसाचा कॉल मला आजही जसाच्या तसा आठवतो. सांगलीकडचं जोडपं होतं. बाईंच्या स्तनात गाठ होती, तपासणीचा रिपोर्ट आला होता. बाई खाली मान घालून बसलेल्या, सगळं नवराच विचारत होता. "गाठ साधीच आहे ना, एवढं विचारा," तो म्हणाला. मी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, ओठ हलले आणि पडदा तिथेच गोठला. मी मोबाइलचं नेट लावून पाहिलं, पण दसऱ्याच्या गर्दीत तेही मेल्यासारखं झालं होतं. परत लागलं तोवर कॉल संपलेला. संध्याकाळी निरोप आला: त्यांना परवा अकराची वेळ पुन्हा दिली आहे, कॉल तुम्हीच घ्यायचा आहे आणि ही तुमची दुसरी वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंसमोर उभी राहिले. "आई, ट्रंका हलवायला लागतील."

"आगल्ला," त्या म्हणाल्या. होणार नाही. "बसविल्यावर हलवायचं नाही, तुला ठाऊक आहे की."

"माझं काम जाईल."

"पक्की नोकरी अशी जातेय होय?"

"पक्की नाहीये!" मी ओरडलेच. "चाचणी चालू आहे. उद्या लाइन तुटली की घरी बसायचं मी, परत सतरा वर्षं. खोटं सांगितलं होतं मी तुम्हाला."

सासरे पेपरातून मान वर काढून बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ह्ये आधी का सांगिटलं नाहीस? त्या इंटरनेटवाल्याला फोन कर."

त्याचं ऑफिस दसऱ्याच्या सुट्टीमुळे बंद होतं, नवीन जोडणी आठवड्यानंतरच होणार होती. त्याचा स्वतःचा नंबर मात्र माझ्याकडे होता. सहाव्या दिवशी सकाळी दहाला तो आला. रस्ते बंद केलेले, म्हणून चालत, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. वायर खोलीपर्यंत जमिनीवरूनच सोडली, ते पाच मिनिटांत झालं. पण तिचं दुसरं टोक राउटरमध्ये घालायचं होतं आणि राउटर ट्रंकांच्या मागे. भिंत आणि ट्रंक यांच्यात चार बोटांची फट होती. त्याचा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. माझा त्याच्याही आधी. साडेदहा झाले.

"एक ट्रंक," मी म्हटलं, "फक्त खालची, अलगद ओढू."

"बेडा, नको!" सासूबाई म्हणाल्या. "सगळं खाली येईल."

आणि त्या मोरीत गेल्या. साबण लावून उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागल्या. सासरे हयात, नवरात्राचे दिवस आणि ही बाई, जी तापातसुद्धा कुणाला बांगड्यांना हात लावू देत नाही. "आई, एक तरी राहू द्या," मी म्हटलं.

"एकीनंच अडकतंय," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी पेपर घडी करून ठेवला.

सासूबाईंचा तो बारीक, सुरकुतलेला हात फटीत खांद्यापर्यंत गेला. गाल ट्रंकेला टेकलेला, डोळे मिटलेले. इंटरनेटवाला स्टुलावर उभा राहून राजाराणीच्या डोक्यावरून मोबाइलची बॅटरी मागे धरत होता आणि सांगत होता, "अम्मा, एडक्के... इन्नू स्वल्प मेले." डावीकडे, अजून जरा वर. वरच्या पायरीवरची एक बाहुली डुगडुगली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि तशीच उभी राहिले. अकराला सात मिनिटं होती. सहा. मला सासूबाईंच्या हाताची भीती वाटत होती, कामाची वाटत होती आणि स्वतःची भयंकर चीड येत होती. मग टक् असा बारीक आवाज आला. "बंतु!" तो म्हणाला. आली.

मी खोलीत पळाले. वायर उंबऱ्यावरून आलेली, त्यामुळे दार पूर्ण लागेना. कॉल कुणी ऐकता कामा नये असा नियम होता, पण आता त्याला इलाज नव्हता. बाहुल्या बघायला बायका-मुलं सकाळपासूनच येतात, कुणाचा पाय वायरीत अडकला तर संपलंच. सासूबाई स्टूल घेऊन दाराशी, वायरीला लागून बसल्या.

अकराला पडद्यावर ते जोडपं आलं, मग डॉक्टर. डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. गाठ साधी नाही, कॅन्सर आहे, पण लवकर सापडला आहे, शस्त्रक्रिया करू, मग औषधं. वायफायवर आवाज अडखळायचा, तेवढ्यात मला जरा मऊ शब्द शोधता यायचा. आज डॉक्टरांचं वाक्य संपलं तशी तिघंही माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं. नवरा किती दिवस, कुठे राहायचं, केस जातील का, असं एकेक विचारत गेला. चाळीस मिनिटं झाली. लाइन एकदाही थरथरली नाही.

मग बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"ताई, त्या दिवशी डॉक्टर हेच बोलले होते ना? ते बोलले आणि तुम्ही गेलात. तुम्हाला सांगवेना म्हणून तुम्ही फोन बंद केलात, असंच मला वाटलं. दोन दिवस मी मनात साड्या वाटतेय, कुठली कुठल्या लेकीला."

"एनु हेळ्तिद्दारे?" डॉक्टरांनी विचारलं. काय म्हणतायत त्या?

बोललेलं सगळं पोचवायचं, गाळायचं काही नाही, ही दुभाष्याची पहिली अट. मी बाईंचं बोलणं कन्नडमध्ये सांगितलं, आणि त्याच दमात माझंही. मी ऐकून पळाले नाही, मला ऐकूच आलं नव्हतं. घरात वायर घ्यायला मला सांगितलं होतं, मी हट्टाने घेतली नाही. राउटर ट्रंकांच्या मागे गेला तोही मला दिसला होता, तरी मी तोंड उघडलं नाही. या बाईंचे दोन दिवस माझ्यामुळे गेले. दाराबाहेर स्टूल करकरलं. सासूबाईंना सगळं ऐकू जात होतं हे मला माहीत होतं आणि मी आवाज खाली आणला नाही.

मग तेच मी बाईंना मराठीत सांगितलं. पडद्यावर त्यांचा चेहरा हलेना. मी लाइन तुटली की काय ते पाहिलं. तुटली नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आता सगळं परत सांगा, पहिल्यापासून. मघाशी मला काहीच ऐकू आलं नाही."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.