सासऱ्यांची विलायती लॉरी

माझ्या सासऱ्यांइतकं लॉरीवर प्रेम केलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा असेल असं मला वाटत नाही. असलाच तर तो इंग्लंडात असेल, आणि हळदीची पोती ताडपत्रीखाली कशी बांधायची हे त्याला ठाऊक नसेल. सासरे सांगलीच्या एका माल वाहतूक कंपनीत बेचाळीस वर्षं मिस्त्री होते. मालकांनी महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या विलायती लॉऱ्या घेऊन धंदा मांडला होता. पुढे देशी गाड्यांचा ताफा आला, पण सासऱ्यांच्या लेखी कंपनी म्हणजे त्या पहिल्या सहा लॉऱ्या. त्यांचे कारखाने, मॉडेलं, इंजिनं हे सगळं त्यांनी मला निदान शंभरदा सांगितलं असेल. मी बँकेतला माणूस, माझ्या डोक्यात त्यातलं काहीच टिकलं नाही. टिकली ती गॅरेजमधली नावं. लांब बॉनेटची ती नाकवाली, पुढून सपाट ती चपटी, चढावर कण्हणारी ती रडकी, आणि कधीही बंद न पडलेली ती थोरली. "घाटात थोरली पुढं असली की बाकीच्या मुकाट मागनं चालायच्या," असं ते सांगत, तेव्हा ते गाड्यांबद्दल बोलतायत की एखाद्या मोठ्या कुटुंबातल्या जावांबद्दल, हे पटकन कळायचं नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, माझ्या बायकोने, शालूने, त्यांना आमच्याकडे सिंगापूरला, वुडलँड्समध्ये आणलं. सिंगापूरमध्ये त्यांना काहीच आवडलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी सिंगापूरला मोठ्या मनाने माफ केलं होतं. रस्ते चांगले होते, पण त्यांच्या मते इतक्या चांगल्या रस्त्यावर गाडीचा स्वभाव कळत नाही. आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, लिफ्टमध्ये शिरले की ते डोळे मिटून घेत. शेजारच्या मलाय बाईंना वाटे, आजोबा प्रार्थना करतात. प्रत्यक्षात ते आवाज ऐकत असत, आणि बाहेर पडल्यावर मला गंभीरपणे सांगत, "वरच्या चाकात ग्रीस नाही. कुणाला तरी कळवा." ड्रायव्हर नसलेल्या एमआरटी रेल्वेत त्यांना एकदाच नेलं. ते सगळा वेळ अगदी पुढच्या काचेशी उभे राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "कुणीतरी समोर बघायला नको का?"

'ट्रक' हा शब्द ते वापरत नसत. ट्रक नंतर आले, ते कुणीही चालवावेत. लॉरी वेगळी. "आजकालची गाडी बिघडली की एकदम गप्प होते," ते म्हणत. "आमच्या लॉऱ्या आठ दिवस आधी सांगायच्या. ऐकणारा माणूस पाहिजे." आणि दोरी! त्याआधी कधीतरी आम्ही क्लेमेंटीच्या जुन्या घरातून वुडलँड्सला सामान हलवलं, तेव्हा सासरे नेमके चार दिवसांसाठी आले होते. टेम्पोवाल्यांनी फ्रिजला बांधलेली नायलॉनची दोरी त्यांना पाहवेना. त्यांनी ती सोडून आपल्या हाताने बांधली. नव्या घराशी आल्यावर तीन धट्टेकट्टे कामगार त्या गाठीपुढे घामाघूम झाले. एकाने चाकू काढला. सासरे फ्रिजला पाठ लावून उभे राहिले. "दोरी कापायची नाही. आमच्यात कापत नाहीत." मग दोन बोटांनी कुठलंसं टोक ओढलं, आणि सगळी दोरी सळसळत खाली आली. 'आमच्यात' म्हणजे त्या कंपनीत. कंपनी बंद होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती.

सासूबाई गेल्यानंतरच्या त्या मुक्कामात मात्र गाठी आणि गाड्यांच्या गोष्टीही आटल्या होत्या. ते परतीच्या तारखेची वाट पाहत बसलेले असत. सकाळी फिरायला जात, तेवढंच. एके दिवशी दुपारचे दोन वाजले तरी ते परतले नाहीत. बायकोचा बँकेत फोन आला. "बाबा अजून आले नाहीत. पायात नुसत्या चपला आहेत." आवाज रडवेला होता. मी टॅक्सीने निघालो. ब्लॉकखालच्या कॉफीवाल्याने ते क्रांजीच्या दिशेने गेल्याचं सांगितलं. तिकडे लाकडाच्या वखारी, पत्र्याच्या शेडी, जुनी गॅरेजं. तासभर शोधल्यावर एका मोठ्या फाटकाच्या आत मला पांढरा पायजमा दिसला.

सासरे एका लॉरीपुढे वाकून उभे होते. बॉनेट उघडं होतं आणि त्यांचं डोकं आत. हात मात्र दोन्ही पाठीशी घट्ट धरलेले. परक्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. लॉरीचा मूळ रंग बहुधा हिरवा असावा. केबिनमध्ये जुन्या ताडपत्र्या कोंबल्या होत्या आणि मागच्या फळीवर चिनी अक्षरं अर्धवट उरली होती. शेजारी बनियन आणि अर्धी चड्डी घातलेला, त्यांच्याच वयाचा एक चिनी गृहस्थ कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता. तो मालक होता. तिथे मालकाला टाओके म्हणतात.

"जावईबापू," सासरे डोकं बाहेर न काढता म्हणाले, "ही नाकवाली आहे. डिट्टो."

टाओके मला इंग्रजीत म्हणाला, "युअर फादर, सकाळी नऊपासून इथे आहे. पाणी दिलं, प्याला. खुर्ची दिली, बसत नाही."

हळूहळू हकिगत कळली. ही त्याच्या वडिलांची पहिली लॉरी. तिच्यावर रबर आणि तांदूळ वाहून त्यांनी कंपनी उभी केली. रस्त्यावरून ती केव्हाच उतरली होती. पण वडिलांची म्हणून त्याने ती आवारात कोपऱ्यात ठेवली, सामान ठेवायला. आता जागेची मुदत संपत होती, मुलांना धंद्यात रस नव्हता, कंपनी बंद होणार होती. पंधरा दिवसांनी भंगारवाले क्रेन घेऊन येणार होते. मी हे सासऱ्यांना मराठीत सांगितलं. ते चारही चाकांशी वाकून टायर बघून आले. मग म्हणाले, "त्यांना विचारा, क्रेनपर्यंत ती स्वतःच्या चाकांनी गेली तर चालेल का?"

टाओके हसला. तीस वर्षं चालू झालेली नाही, म्हणाला. मग हसायचा थांबला, आणि त्याने शेडमधून हत्यारांची पेटी आणून सासऱ्यांच्या पायाशी ठेवली.

घरी परतताना टॅक्सीत ते आपणहून बोलले. सांगलीची कंपनी मोडली तेव्हा त्या सहा लॉऱ्या गॅसने कापायला काढल्या होत्या. मालकांनी निरोप पाठवला, मिस्त्री, शेवटी तुम्ही उभे राहा. "मी ताप आलाय म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षांत एक खाडा नाही, आणि त्या दिवशी चादर ओढून पडून राहिलो. शालूच्या आईला सगळं कळलं होतं. तिनं काढा करून दिला, मी तोही प्यायलो." काही वेळाने विचारलं, "माझं तिकीट चार दिवसांनंतरचं आहे ना? पुढं ढकलता येईल?"

व्हिजिट पास वाढवण्याच्या अर्जात कारण लिहायचं होतं. "लॉरीचं काम निघालंय, असं लिहा," सासरे म्हणाले. मी 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं.

पुढचे दोन आठवडे मी त्यांना रोज सकाळी तिथे सोडत असे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सासऱ्यांचं इंग्रजी म्हणजे कार्बुरेटर, डायनॅमो, गॅस्केट, पिस्टन. टाओकेचंही जवळजवळ तेवढंच. एवढ्या शब्दांवर त्यांची भांडणं, समजुती आणि चेष्टामस्करीही होई. अडकलेल्या सिलिंडरांत रॉकेल ओतून ते त्यांनी आठवडाभर मुरवलं. टाकी गंजून चाळण झाली होती, म्हणून केबिनमध्ये पेट्रोलचा डबा टांगून रबरी नळी काढली. ब्रेकला काही उपाय नव्हता. लेक चिडू नये म्हणून सासरे तिथे टाओकेचा जुना डगला घालत आणि संध्याकाळी हातपाय साबणाने घासून, कपडे बदलून, देवळातून आल्यासारखे स्वच्छ घरी येत. पण जेवण दुप्पट झालं होतं. बायको मला विचारी, "खरंच ते नुसते बसून असतात तिथे?"

तो दिवस आला तेव्हा मी रजा काढून गेलो. भंगारवाले आले होते, क्रेन फाटकाशी लागली होती. टाओके चाकामागे बसला. सासऱ्यांनी पुढे हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. दहा-बारा वेळा झाल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी पुढे झालो तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. क्रेनवाला घड्याळ बघू लागला. टाओके खाली उतरला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "इनफ लाह. फ्रेंड, इनफ."

सासरे फूटबोर्डवर बसले. मला वाटलं, संपलं. पण ते धापा टाकत डोळे मिटून बसले होते. मग उठले, चारही प्लग काढले, पत्र्याच्या डब्यात थोडं पेट्रोल पेटवून त्यावर ते चिमट्याने धरून शेकले, आणि गरम गरम परत बसवले. टाओकेला बोटाने वर चढायची खूण केली. हँडल अर्धं फिरलं असेल नसेल, लॉरी अख्खी हादरली. काळा धूर निघाला, ताडपत्रीतून दोन पाली पळाल्या, आणि इंजिन सुरू झालं. क्रेनवाला हातातलं घड्याळ विसरून टाळ्या वाजवायला लागला.

आवार असेल पन्नासेक पावलांचं. पहिल्या गिअरमध्ये लॉरी माणसाच्या चालीने निघाली. ब्रेक नव्हता, म्हणून सासरे हातात लाकडी ठोकळा घेऊन चाकाबरोबर चालत होते, लेकीच्या वरातीत चालावं तसे. टाओके समोर बघत नव्हता, सगळा वेळ रडत होता, त्यामुळे "राइट, राइट!" असं ओरडण्याचं कामही सासऱ्यांनाच करावं लागलं. क्रेनशी आल्यावर त्यांनी ठोकळा टाकला. लॉरी थांबली. टाओकेने त्यांना वर बोलावलं आणि स्विचकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी थोडा वेळ तो आवाज ऐकला, मग स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. लॉरी उचलली, ट्रेलरवर चढवली, फाटकाबाहेर नेली, वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तोवर ते जागचे हलले नाहीत.

त्या दिवशी ते हातपाय धुवायचं विसरले. तसेच डगल्यात घरी आले. बायकोने दार उघडलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण तिने त्यांना आंघोळीला पाठवलं आणि डगला धुवायला म्हणून उचलला. बराच वेळ झाला तरी पाण्याचा आवाज येईना, म्हणून मी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या मोरीत डोकावलो. ती डगल्यात तोंड खुपसून उभी होती.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "लहानपणी हा वास आला की मी पुस्तक टाकून दाराशी पळायची. मला वाटलं होतं, मी विसरले."

चार दिवसांनी सासरे सांगलीला गेले. त्यानंतर ते फक्त दोन वर्षं होते. तो डगला टाओकेला परत द्यायचा राहून गेला. आमच्या घरात तो अजून आहे, आणि आम्ही तो कधी धुतला नाही.