भांडणाचं कृपादान

मानोरा गावाच्या बाहेर आमची भाजीची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनेचं टिनाचं शेड. दिवाळी सरली की ते निम्मं रिकामं होतं. जवळच्या तांड्यावरची घरं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर देवानं एकेकाला दिलेली आमची कृपादानंही ट्रकमध्ये बसून जातात. गाणारा जातो, संदेश सांगणारा जातो. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणारी तांड्यावरची एक सून आहे, तीही जाते. मागे उरतात म्हातारी माणसं, अधूनमधून मोटारसायकलवर येणारे पाळक आणि मी.

त्या वर्षी टोळी निघायच्या आधीच्या रविवारी पाळकांनी याच विषयावर शिकवलं. दानं वेगवेगळी, पण देणारा पवित्र आत्मा एकच. कुणाला बरं करण्याचं, कुणाला ज्ञानाचं, कुणाला अन्य भाषांचं, आणि सगळी सगळ्यांच्या उपयोगासाठी. मग एकेकाला आपलं दान सांगायला लावलं. माझी पाळी आली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीले भांडाचं दान हाये!" सगळं शेड हसलं. पाळकही हसले. मीही हसले, पण मला लागलं. बाजारात दलालानं भाव पाडला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, हे खरं आहे. म्हणून ते देवाच्या घरात बोलून दाखवायचं? घरी येऊन मी बराच वेळ भांडी आपटली.

आमच्या लोकांची एक खोड आहे. त्या सुनेच्या हाताला गुण आहे, म्हणून लोक आजार तिच्यासाठी राखून ठेवतात. साध्या तापाला गोळी घेतात, पण मोठं काही असलं की टोळी गुढीपाडव्याला परतेपर्यंत थांबायचं. आजार काय पाहुणा आहे, ओसरीवर बसून वाट पाहायला?

त्या हिवाळ्यात सुनेची सासूच आजारी पडली. तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मीही तेच म्हणते. शेजारीण सांगायला आली तशी मी वांग्याचा तोडा अर्ध्यावर टाकून गेले. याडी भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, बोलताना धाप लागलेली. दवाखान्याचं नाव काढलं की मान हलवायची.

"सून येईन, हात ठेवीन. तिच्याच हातानं बरी होईन मी."

"थे पाडव्याले येईन. तवरोक राह्यशीन काय तू?"

मी सुनेला फोन लावला. तिनं उसाच्या फडातूनच रडत रडत प्रार्थना सुरू केली आणि मध्येच रेंज गेली. पुन्हा लागला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मुकादम सोडून नाई राह्यला मले. हात तुमीच ठेवा."

"माह्या हातात काय हाये बाई? वांग्याचे काटे."

मला भीती वाटली. माझ्या हाताखाली म्हातारी गेली तर तांडा काय म्हणेल, ही एक. मी मागितलं आणि वर कुणी ऐकलंच नाही तर, ही दुसरी, आणि ती जास्त मोठी होती. आणि भीतीनं मला नेहमी रागच येतो.

"याडी, मले एक सांग," मी ओरडले. "थो आत्मा काय तुह्या सुनेसंग ट्रकात बसून ऊस तोडाले गेला? तुले इथं कोनाच्या भरोशावर सोडलं मंग त्यानं?"

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. याडीनं मान वर केली.

"काहून वरडून राह्यली व?"

"वरडीन! देनारा इथंच बसून हाये, आन् तू पाडव्याची वाट पाहून राह्यली!"

तिला पटलं की माझ्या तोंडाला ती कंटाळली, मला माहीत नाही. ऑटो आला तशी उठली. दवाखान्यात गर्दी होती, त्यात कुणाचाच दोष नव्हता, तरी मी तोंड वाजवलं आणि खाट मिळाली. डॉक्टरांनी तपासलं, हृदय दमलंय म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. सुई टोचली, तोंडाला मास्क लावला. मी स्टुलावर बसले. आता भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं याडीनं माझं मनगट धरलं. माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मास्क बाजूला सरकवला.

"सून नाई इथं," ती म्हणाली. "तू हायेस. भांड आता त्याच्यासंग."

प्रार्थनेची सुरुवात कशी करतात ते मी इतकी वर्षं ऐकत आले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. याडीचं कपाळ गार लागत होतं.

"आधी मले हे सांग," मी वर पाहून म्हणाले आणि भांडायला लागले.