पाचव्या माणसाची चिठ्ठी

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी नऊ. स्थळ: नारायण पेठ, सरांचं घर. हजर: सर, डॉक्टरबाई, नागपूरकडचे इंजिनियर, शेठ आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

पाचही जण हजर असण्याची ती शेवटची वेळ, हे तेव्हा अर्थातच कळलं नाही.

आमची ओळख करून देते. सर निवृत्त शिक्षक. आयुष्यभर त्यांनी मुलांना वादविवाद स्पर्धांसाठी तयार केलं आणि निवृत्तीनंतर मुलं मिळेनात म्हणून आम्हाला धरलं. डॉक्टरबाईंचा दवाखाना त्याच गल्लीत. इंजिनियर नोकरीसाठी पुण्यात आले, कर्वेनगरला राहतात आणि पुण्याच्या लोकांना अजून समजून घेत आहेत. शेठचं बुधवार पेठेत शालेय पुस्तकांचं दुकान, वडिलांपासूनचं. त्यांचं मुसलमान कुटुंब पेठेत किती पिढ्या आहे हे कोणी विचारलं, तर ते म्हणत, "तुम्ही आलात तेव्हा आम्हीच पत्ता सांगितला." मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या आमच्या चर्चामंडळाची व्यवस्था माझ्याकडे: विषय कळवणं, वेळ लावणं, पोह्यांची पाळी ठरवणं.

सरांनी घालून दिलेली पद्धत अशी. विषय ठरला की स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. काहींवर "बाजूने", काहींवर "विरुद्ध". जी निघेल ती बाजू मन लावून मांडायची, पटो न पटो. पहिल्या फेरीत कोण काय बोललं ते त्याचं मत धरायचं नाही. सगळ्यांचं झालं की दुसरी फेरी, त्यात प्रत्येकाने स्वतःचं बोलायचं. सर घंटा घेऊन अध्यक्ष.

या पद्धतीवर सगळ्यात जास्त प्रेम शेठचं. उशिरा यायचे, दुसऱ्याच्या वेळेत बोलायचे, घंटेकडे दुर्लक्ष करायचे. मी नोंद करते म्हणून मला टोमणे ठरलेले. "वहिनी, लिहा, शेठ पुन्हा उशिरा आले. लाल शाई आणलीय ना?" पण चिठ्ठी हातात आली की माणूस बदलायचा. मागे एकदा विषय होता, अतिरेक्यांशी वाटाघाटी कराव्यात की नाही. त्यांना "कराव्यात" आली. ते इतकं सुंदर बोलले की सर घंटा वाजवायला विसरले. बंदूक खाली ठेवायला वाट हवी असते, ती वाट कुणालातरी बांधावी लागते, बांधणारा भित्रा नसतो. इंजिनियर तर पार विरघळले. मग दुसरी फेरी. शेठ चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आता माझं. वाटाघाटी शून्य. मघाशी बोललो ते सगळं चूक आहे, आणि का चूक ते आता सांगतो."

"मग मघाशी आम्ही माना कशाला हलवल्या?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ते तुमचं तुम्ही बघा. फी मागत नाही मी."

तर त्या मे महिन्यात. आठवडाभरापूर्वीच अतिरेक्यांनी निरपराध माणसं मारली होती. घराघरांत दिवसभर बातम्या चालू होत्या. भाजीवालीपासून आमच्या प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला देशाने काय करावं ते ठाऊक होतं. आमचा विषय ठरलेलाच होता: अशा हल्ल्याला राष्ट्राने लष्करी उत्तर द्यावं. त्या दिवशी शेठ वेळेआधी आले होते. हेही नवलच.

मी डबा पुढे केला. डॉक्टरबाईंनी घेतली, इंजिनियरांनी घेतली, शेठनी हात पुढे केला आणि सर म्हणाले, "थांबा. शेठ, आज तुम्ही अध्यक्ष व्हा. मी बोलतो तुमच्या जागी."

"मी? का बरं?"

"आजचा विषय जरा… तुम्हाला कशाला अडचणीत टाकायचं. चिठ्ठी कुठलीही निघाली तरी."

सरांच्या आवाजात काळजी होती, आणि ती खरी होती. शेठनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि घंटा उचलली. "जशी आज्ञा," म्हणाले.

चर्चा चांगली झाली. डॉक्टरबाई बाजूने बोलल्या: निमूट सोसलं की पुढचा हल्ला किती स्वस्त पडेल ते समोरच्याला कळतं, आजार अंगावर काढू नये. इंजिनियर विरुद्ध: आपण चिडून धावत यावं हेच त्यांना हवं असतं, त्यांची भरती आपल्या रागावर चालते, पोलीस, गुप्तचर आणि न्यायालय या तिघांना बळ द्या, वेळ लागला तर लागू द्या. सर बाजूने बोलले, इतिहासातून. मला "विरुद्ध" आली होती. मी म्हटलं, काम सुरू करण्याआधी ते कधी संपलं म्हणायचं हे लिहून काढावं. काय साधलं म्हणजे सैन्य परत येणार? एका ओळीत लिहिता येत नसेल तर निघू नये.

बोलून झाल्यावर सवयीने मी शेठकडे पाहिलं. अशा मुद्द्यावर ते मला सोडणं शक्य नव्हतं. राष्ट्र म्हणजे तुमची वाणसामानाची यादी आहे का वहिनी, असं काहीतरी येणार म्हणून मी तयारच बसले होते. उत्तरही जुळवून ठेवलं होतं. शेठनी घंटा वाजवली. "वेळ संपली. धन्यवाद."

दुसऱ्या फेरीत सरांनी त्यांना विचारलं, "अध्यक्ष काही बोलणार?"

"अध्यक्षांनी समारोप करायचा असतो," शेठ म्हणाले. "सर्वांनी उत्तम विचार मांडले. पोहे छान आहेत."

जूनमध्ये ते आले नाहीत. शाळा सुरू होण्याचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हे आम्ही आपापसांत म्हटलं. जुलैत आले नाहीत, तेव्हा कोणीच काही म्हटलं नाही. मात्र चर्चा लवकर संपली. आम्ही चौघं आता बरेचदा एकमेकांशी सहमत होतो. कोणी ताणून धरत नाही, कोणी दुसऱ्याचा वेळ खात नाही. सगळं वेळेत आटोपतं आणि पोहे उरतात. मला वक्तशीरपणा आवडतो, पण ही वक्तशीर बैठक मला सोसेना. घरी भाजी चिरताना मी शेठशी वाद घालत असे. माझ्या त्या एका ओळीच्या मुद्द्यावर ते काय म्हणाले असते, याची वेगवेगळी उत्तरं करून पाहिली. सगळी माझीच वाटायची. त्यांचं म्हणून जे काही असतं, ते मला रचता येईना.

शेवटी एका शनिवारी बुधवार पेठेत गेले. गर्दी ओसरली होती. शेठ गल्ल्यावर होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसायला सांगितलं, चहा मागवला, माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची चौकशी केली. अगदी पूर्वीसारखे.

मी सरळ विचारलं. "शेठ, तुम्ही येत का नाही?"

"दुकान असतं."

"रविवारी सकाळी बंद असतं. मी पाटी वाचून आलेय."

ते हसले. "तुमच्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे आधी टंकलिखित करून आणावं लागेल." मग पुठ्ठ्याची खोकी सरळ करत म्हणाले, "वहिनी, सरांनी मला वाचवलं. कुणापासून, ते तेवढं त्यांना विचारा. खोलीत तुम्ही चौघंच तर होतात."

तेवढ्यात चहा आला. शेठनी कप माझ्या हातात दिला.

"पहिल्या फेरीतलं बोलणं माणसाच्या नावावर मांडायचं नाही, हा नियम कुणाचा? सरांचाच. मग तो माझ्यापाशीच का थांबला? मी दोन्ही बाजूंची तयारी करून आलो होतो. लवकर आलो होतो, तुम्ही नोंद केली असेल."

"केली आहे. आणि दुसऱ्या फेरीत? स्वतःचं काय बोलणार होता?"

"ते तिथे बसून बोलायचं असतं, तुम्ही माझ्यावर तुटून पडायच्या तयारीत असताना. दुकानात मी फक्त पुस्तकाची किंमत बोलतो."

"मग या ना पुढच्या बैठकीला."

"येईन. सरांनी बोलावलं तर येईन. ज्यांनी उठवलं, त्यांनीच येऊन बसवायचं."

"फोन करायला सांगू?"

"फोनवरून दूध मागवतात, वहिनी."

सरांना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते दुखावले. "मी त्यांचा मान राखला. अध्यक्षपद म्हणजे काय शिक्षा आहे? उद्या कुणी त्यांच्या बोलण्याचा वेडावाकडा अर्थ काढला असता तर?"

"आपल्यापैकी कुणी, सर?"

"आपल्यापैकी नाही. पण बोलणं बाहेर जातं."

"आजवर माझं गेलं नाही. डॉक्टरबाईंचं गेलं नाही. त्यांचंच जाईल असं आपल्याला वाटलं. ते म्हणतात ते एवढंच."

सर म्हणाले, "चांगुलपणाने केलं होतं हो."

"त्यांनाही ते माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी सरांना दोनदा आठवण करून दिली. पहिल्यांदा गुडघा दुखत होता. दुसऱ्यांदा म्हणाले, तिथे जाऊन नेमकं काय बोलायचं ते ठरू दे. आयुष्यभर मुलांना भाषणं लिहून देणारा माणूस, आणि त्यांना हे एक वाक्य जुळत नाही. मी जुळवून देऊ का, विचारलं. नको म्हणाले, ते माझं मलाच बोलावं लागेल. हे ऐकून मला जरा आशा वाटली.

नारायण पेठेतून बुधवार पेठेत जायला इतकं थोडं अंतर आहे की रिक्षावाला तोंडाकडे बघतो आणि नाही म्हणतो. सरांच्या गुडघ्याला चालत जमणार नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसायला ते तयार आहेत, पण आमच्या कार्यालयाच्या मधल्या सुट्टीची वेळ आणि त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ एकच येते. रविवारी दुकान बंद. शनिवारी माझं कार्यालय अर्धा दिवस, म्हणजे शनिवारच धरायचा. मागचा शनिवार पावसात गेला, त्याआधीचा सरांच्या बहिणीकडे.

दरम्यान, राष्ट्राने काय करावं हा विषय आमच्याकडे अर्धाच झालेला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या पुन्हा घेऊ. पाचवा माणूस आल्याशिवाय मी तो लावणार नाही असं सांगून ठेवलंय. येत्या शनिवारी दुपारी सरांना स्कूटरवर घेऊन शेठच्या दुकानात जायचं आहे. सरांना ते अजून विचारायचंय.