आवतन दिलेला बैल

कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असताना मी स्वतःला फार ग्रेट समजायचे. आमच्या वर्गाचं प्रदर्शन भिलाईतल्याच एका हॉलमध्ये भरणार होतं आणि माझं काम डोक्यात तयार होतं. लोखंडाचे दोन उंच पत्रे, मध्ये वरून पडणारा उजेड, आणि त्या उजेडात तीन दिवस उभा असलेला जिवंत बैल. शेती सोडून कारखान्यात आलेल्या माणसांची गोष्ट. म्हणजे खरं तर बाबांचीच.

बाबा भंडाऱ्याकडचे. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये जन्म काढला, पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये क्रेन चालवली, आणि रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. दुर्गच्या पलीकडच्या ज्या शेतकऱ्याकडून आमच्या घरी तांदूळ यायचा, त्याच्याकडे बैलजोडी होती. मी बाबांना एवढंच म्हटलं की कार्यक्रमासाठी त्यातला एक बैल हवाय. दोरी, उजेड, तीन दिवस यातलं काही बोलले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मनाची समजूत घातली होती.

बाबांनी विचारलंच नाही, कारण त्यांचा त्यांनी अर्थ लावून टाकला होता. काम नसताना बैलाला कुणी बोलावतं ते एकाच गोष्टीसाठी, जेवायला. पोळ्याला चार महिने होते, पण प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ते मला घेऊन त्या गावी गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी करतात तसं वाटीत तूप आणि हळद गरम केली, पळसाच्या पानानं बैलाचा खांदा शेकला, मला शेकायला लावला. मग कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेतकरी गालातल्या गालात हसत होता. मला लाज वाटली आणि बाबांची मायाही आली. खरं सांगायची तीच वेळ होती, आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल छोट्या ट्रकमधून आला. हॉलची फरशी गुळगुळीत. पाय टेकला की खूर सरकायचा. तो चारही पाय फाकवून उभा राहिला आणि मागे मागे जाऊ लागला. उजेडातून बाहेर गेला की माझं काम संपलं, म्हणून मी दोरी आखूड बांधली. तरी तो मागे ओढतच होता. मी आणखी आखूड केली.

एवढ्यात बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पुरणपोळीचं ताट, आईनं वरून झाकलेलं. त्यांनी दोरी पाहिली, फरशी पाहिली आणि बैलाला बसायला जागा कुठे आहे ते विचारलं. बसता येणार नाही, मी म्हणाले. परत कधी जाईल? तीन दिवसांनी. चारापाणी वेळेवर देईन, डॉक्टरला दाखवीन, असं मी भराभर बोलत सुटले.

बाबा रागावले असते तर मी भांडले असते. ते हळूच म्हणाले, "मी त्याले आवतन देलं बाई. तू त्याले कामाले लावलं."

माझा आवाज चढला. हे सगळं तुमच्याबद्दल आहे, तुमच्यासाठी करून राहिली, असं मी वर्गातल्या सगळ्यांसमोर बोलले.

"माझ्याबद्दल हाय, तं मले विचार ना. मी राह्यतो उभा."

बैलाला त्यांनी स्वतःच्या हातानं पोळी भरवली आणि तो दुपारच्या आत घरी गेला. मी रडले, बैलासाठी नाही, माझ्या कामासाठी. मग डोळे पुसून बाबांना विचारलं. ते हाव म्हणाले आणि ड्युटीवर सुटी टाकून आले.

तीन दिवस बाबा त्या उजेडात ड्युटीचे बूट घालून उभे होते. गप्प राहायचं ठरलं होतं, पण गप्प बसतील ते बाबा कसले? येणाऱ्याला गाव विचारायचे. एका परीक्षकांना क्रेनमधून खाली तापलेलं लोखंड कसं दिसतं ते इतका वेळ समजावलं की शेवटी ते बिचारे माझ्याकडे बघू लागले. माझ्या कामाची शिस्त पार गेली, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की रागावताही येईना.

शेवटच्या संध्याकाळी ते पायरीवर बसून बूट काढत होते. घोटे सुजले होते. मी खाली बसून पाय चेपायला घेतले आणि म्हणाले, बाबा, मधेच नाही म्हणायचं होतं ना, मी लगेच थांबवलं असतं.

"मालूम हाय," बाबा म्हणाले. "म्हणूनच उभा राह्यलो." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पण तो त सकाळपासून मांगं सरकून राह्यला होता. बैलानं अजून कसं नाही म्हणावं, बाई?"