उपासाचं मीठ

आमच्या गावात भंडारा असो की लग्न, आचारी कुठूनही येवो, भाजीत मीठ टाकायला माझे बाबाच लागायचे. नेरपासून एसटीने वीस मिनिटांवरचं आमचं गाव. मी नेरच्या एका शाळेत कारकून आहे, रोज जाणं-येणं करतो, आणि गावात माझी ओळख आजही "मीठवाल्या बुढ्याचा पोरगा" एवढीच आहे.

भंडाऱ्याची भाजी नैवेद्य दाखवायच्या आधी चाखता येत नाही. चुलाण्यावर आलू-वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे हे मोठं पातेलं, रटरटत असतो, दोनशे पानं जेवायची असतात आणि मीठ बरोबर पडलं की नाही हे कळायला कोणालाच मार्ग नसतो. बाबा गंजाजवळ उभे राहत, वाफेत तोंड धरून वास घेत आणि मुठीमुठीने मीठ सोडत. शेवटची मूठ अर्धी. ती कधी टाकायची आणि कधी परत पोत्यात ठेवायची, हीच त्यांची विद्या.

पंगत उठली की ते हात मागे बांधून उष्ट्या पत्रावळींच्या रांगेतून फिरत. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढलेलं असतं. ते मीठ जसंच्या तसं पडलेलं दिसलं की बाबांची छाती फुगे. कोणाला वरून मीठ घ्यावं लागलं नाही, म्हणजे भाजी जमली. एकदा ते तापाने पडले होते म्हणून मूठ माझ्या हाती आली. मी बाबांसारखाच वास घेतला, बाबांसारखीच मान हलवली आणि मीठ सोडलं. त्या संध्याकाळी गावाची पाण्याची टाकी माझ्यामुळे रिकामी झाली, असं लोक अजून सांगतात. त्यानंतर मला पाणी वाढायला ठेवू लागले. ते काम मी चोख केलं.

घरी बाबांचं मीठ मोजण्यात अर्थ नव्हता. कांद्यावर मीठ, ताकात मीठ, टरबुजावर मीठ, ठेच्यात तर होतंच, वरून आणखी. आम्हाला त्याचं कौतुक होतं. पैलवानाच्या खुराकाकडे पाहावं तसं आम्ही त्यांच्या पानाकडे पाहायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना चक्कर आली तेव्हा मी त्यांना यवतमाळला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बाबांचा बीपी तीनदा मोजला. आकडा सांगताना त्या बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या.

"आजोबा, गोळी रोज घ्यायची आणि मीठ निम्म्याहून खाली आणायचं. लोणचं, पापड, चटण्या सगळं त्यात आलं. जेवण मातीसारखं लागेल, पण दोन महिने कळ काढा. जीभ आपोआप शिकते."

"बाई, माही जीभ सत्तर वर्सांची हाये. ते आता शाळेत नाही जात."

बाई हसल्या. मीही हसलो. घरी येऊन हा विनोद मी निदान दहा जणांना सांगितला. बाईंनी पुढे काय सांगितलं ते मात्र कोणाला सांगितलं नाही. या दाबाने मेंदूची नस फुटू शकते, मूत्रपिंडं खराब होतात, हृदयावर ताण येतो, असं त्या म्हणाल्या होत्या. तो भाग सांगण्यात मजा नव्हती.

बायकोने त्याच दिवसापासून बाबांची भाजी वेगळी काढली. बाबा घास तोंडात घेत आणि भिंतीकडे पाहत चावत राहत. चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुले खरं सांगू का? चवीचं मले काही नाही. पन जीभ अळणी झाली की हात बी जाईन. मंग पंगतीत कोन इचारीन मले?"

त्यांची भीती ही होती. रोज खारं खाल्लं तरच मुठीचा अंदाज टिकतो, असं ते धरून होते. आणि मीही धरून होतो, कारण मिठाच्या बाबतीत त्यांच्यापुढे डॉक्टर म्हणजे काय?

बाराव्या दिवशी एकादशी आली. आमच्या घरी उपासाला साधं मीठ चालत नाही. त्यासाठी आईचा शेंदेमिठाचा डबा वेगळा, देवघराच्या फळीवर. त्या दिवशी साबुदाण्याच्या उसळीत ते पडलं आणि बाबांच्या तोंडावर बारा दिवसांनी तेज आलं. दोनदा मागून घेतली.

माझ्या डोक्यात तिथेच दिवा लागला. उपासाला मीठ चालत नाही, हे चालतं. म्हणजे हे मीठ नव्हे! इतकं सरळ आहे आणि डॉक्टरला सुचलं नाही, याची मला कीवच आली. वर मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं होतंच की शेंदेमीठ बीपीला उत्तम. दुसऱ्या दिवशी नेरहून येताना मी अर्धा किलो घेऊन आलो, गुलाबी, महागाचं.

बायको भाजी परतत होती. पुडी पाहून म्हणाली, "हे कायले आणलं?"

"बाबांसाठी. हे चालते."

"खारट लागते का नाही?"

"लागते न."

"मंग मीठच हाये ते. देवाले चालते म्हनून बीपीले चालन का?"

"तू कधीपासून डॉक्टर झाली?"

"तुम्ही झाले तेव्हापासून."

आई मध्ये पडली. "अवं, उपासाचं हाये ते, सोवळ्यातलं. त्यानं काय होते?" दोन विरुद्ध एक. माझी बाजू जिंकली. घरातल्या वादात मी फार कमी वेळा जिंकलो आहे. नेमका इथे जिंकायला नको होतं.

त्यानंतर बाबांचं पूर्वीसारखं सुरू झालं. उलट थोडं जास्तच, कारण आता परवानगी होती. कांद्यावर उपासाचं, ताकात उपासाचं. आपण पथ्यावर आहोत म्हणून गोळीही ते एक दिवसाआड घेऊ लागले. संध्याकाळी त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसायचा. मी म्हणायचो, "बाबा, चप्पल लहान झाली वाटते." आणि मोठी चप्पल आणून दिली. ती पायांची सूज होती, हे आज आठवलं की त्या चपलेकडे पाहवत नाही. घरात अजून आहे ती.

पुन्हा तपासायला एकदाच गेलो. बाईंनी विचारलं, "मीठ कमी केलं ना?" आम्ही बापलेक एका सुरात म्हणालो, "बंदच केलं." खोटं बोलत होतो असं तेव्हा वाटलंही नाही. बाईंनी दाब पाहून गोळी वाढवली.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर चहा पीत होते. बशी डाव्या हातात होती. ती हळूहळू कलत गेली, चहा धोतरावर सांडला आणि त्यांना पत्ताच नाही. "बाबा, बशी!" मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा तोंडाची एक बाजू तेवढी हलली.

दवाखान्यात त्याच बाई होत्या. त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी म्हणालो, "मीठ बंदच होतं, मॅडम. फक्त शेंदेमीठ."

बाईंचं पेन थांबलं. "मग बंद काय केलं?"

बायको शेजारीच उभी होती. ती बाबांचं पांघरूण सारखं करू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी मग शांतपणे समजावलं. गुलाबी असो, पांढरं असो, आत क्षार तोच. एकट्या मिठानेच हे झालं असं म्हणता येत नाही, वय आहे, गोळ्या चुकल्या आहेत; पण दाब खाली येऊ दिला नाही त्यात त्याचा वाटा आहे. माझा वाटा किती, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मीच ही गोष्ट रचली असती, तर बाबांचा उजवा हात गेला असं लिहिलं असतं. ऐकणाऱ्याला चटका बसतो. पण गेला तो डावा, आणि डावा पाय. मिठाचा हात शाबूत राहिला. घरी आल्यावर मात्र बायकोने कोणालाच विचारलं नाही. साऱ्या घराचंच मीठ कमी केलं, आईच्या डब्यासकट. माझाही बीपी निघाला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. पहिला महिना आम्ही सगळे भिंतीकडे पाहत जेवलो. पुढे कधी ते थांबलं, ध्यानातही आलं नाही.

या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. आचारी स्वतः बाबांना बोलवायला आला. "चाला, आबाजी. तुमच्या मुठीबिगर भाजी व्हत नाही." बाबा नाही म्हणाले. मग दोन वेळा नाही म्हणाले. मग म्हणाले, "खुर्ची आना."

गंजाजवळ खुर्ची ठेवली. त्यांनी वाफेत तोंड धरलं. डावा हात मांडीवर पडलेला, उजव्याने मूठ भरली. एक, दोन, तीन. शेवटची अर्धी हातात धरून बराच वेळ थांबले आणि टाकली. मी मागे पाण्याची बादली घेऊन उभा होतो. मला टाकी आठवत होती.

पंगत उठली. त्यांच्या बगलेत हात घालून मी त्यांना पत्रावळींच्या रांगेतून नेलं. पानोपानी मीठ जसंच्या तसं. ते प्रत्येक पानाशी थांबत होते.

"हात गेला नाही रे," म्हणाले.

"नाही बाबा."

मग त्यांचं पान वाढलं. त्यांनी भाजीचा एक घास घेतला, चावला, आणि द्रोण बाजूला सारला.

"खारट हाये."

"सगळ्यांले तर बरोबर लागली."

"लोकायले बरोबर हाये. मले खारट लागते." पानातलं मीठही त्यांनी बोटाने बाहेर लोटलं. "ते डॉक्टर पोरगी दोन महिने म्हने न?"

"हो."

"दोनच?"

"दोनच, बाबा."

उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. मी बायकोने घरून करून आणलेल्या त्यांच्या वरणाचा डबा उघडला, भातावर ओतला आणि कालवून दिलं.