बुद्ध बाहेरूनच बघा म्हणे!

पडेगावकर मंडळी, डोकं लई तापलंय, म्हणून बँकॉकच्या हॉटेलातूनच लिहितोय.

माझी आत्या अजिंठ्याची. उभा जन्म मेंढरांमागं गेला. लेण्यातला निजलेला बुद्ध ती लहानपणापासून बघत आलीय. इथल्या मंदिरात तसाच निजलेला, सोन्यानं मढवलेला मोठा बुद्ध आहे, हे ऐकूनच ती सहलीला तयार झाली.

आज सकाळी टूरवाल्यानं बस थेट दागिन्यांच्या दुकानापुढं लावली. सगळा वेळ तिथंच गेला. मग म्हणतो, "उशीर झाला. मंदिर बाहेरूनच बघा."

आत्या उठून त्याच्यापुढं उभी राहिली. "बाबा, मी काय खडे बघाया आले व्हय? गाडी थांबव."

बसमधल्या आपल्याच शहरातल्या एक बाई हसल्या. "आजी, तुम्हाला त्यातलं काय कळणार? मोबाइलवर फोटो बघा की!"

माझं डोकंच फिरलं. आत्याचा हात धरून उतरलो, रिक्षा केली आणि मंदिर गाठलं. बुद्धाच्या पायाशी ती कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. म्हणाली, "आपला दगडाचा, ह्यो सोन्याचा. पर चेहरा तसाच शांत हाय बघ."

हॉटेलात परतलो तर टूरवाला म्हणे, "तुम्ही शिस्त मोडली. उद्या तुम्हाला बसमध्ये घेणार नाही."

"नको घेऊ," आत्या म्हणाली. "आमचं आमी जाऊ."

दुकानात नेऊन कमिशन खायचं, टूरवाल्याचा धंदाच तो. पण मंदिर सगळ्यांनाच बघायचं होतं ना? मग बाकीची अख्खी बस गप्प का बसली? तुम्ही असता तर उतरला असता का? खरं सांगा.