घाडीची लाल पाटी

आनंदा घाडीगावकर एकतीस तारखेला रिटायर झाला आणि एक तारखेला सकाळी साडेआठपर्यंत घरात नकोसा झाला. घोडपदेवच्या त्या दहा बाय पंधराच्या खोलीत त्याने नळ खोलून पुन्हा बसवला, पंख्याला तेल दिलं, कपाटाचं बिजागर ठोकलं. मग तो शिलाई मशीनकडे वळला तशी त्याची बायको राधा आडवी आली.

"त्येका हात लावल्यात तर बघा! अकराक सिद्धिविनायकाक जावचा हा. गप बसा थंय."

गप बसणं हे काम त्याला कधी जमलंच नव्हतं. छत्तीस वर्षं तो रेल्वेच्या यार्डात फिटर होता, तोही शंटिंगच्या इंजिनांचा. ही इंजिनं कुठल्याही गावाला जात नाहीत. रिकामे डबे ओढायचे, ढकलायचे, गाडी जुळवून द्यायची आणि मागे फिरायचं. लोक गाडीत बसून कोकणात जातात, पण ती गाडी फलाटावर कोणी आणून लावली हे कुणीही विचारत नाही, याचा आनंदाला मनापासून राग होता. पाहुण्यांसमोरही तो हा राग काढायचा. दिवसभर पुढे-मागे करून या इंजिनांचे ब्रेक लवकर झिजतात. ते बदलायचे, तेल-पाणी बघायचं, चाक घसरू नये म्हणून रुळावर सोडायची कोरडी वाळू पेटीत भरायची, यात त्याचं आयुष्य गेलं.

ब्रेकचं काम रुळांमधल्या खड्ड्यात उतरून, इंजिनाच्या पोटाखाली उभं राहून करायचं. उतरण्याआधी इंजिनाच्या शिडीला आपल्या नावाची लाल पाटी अडकवायची. पाटी आहे तोवर इंजिन तसूभरही हलवायचं नाही, आणि ज्याची पाटी त्यानेच काढायची. आनंदा नवा होता तेव्हा घाई झालेल्या कुणीतरी लवू तांबे नावाच्या फिटरची पाटी काढून टाकली होती. इंजिन दोन फूट सरकलं आणि लवूचा पाय गेला. त्या दिवसापासून आनंदा स्वतःची पाटी काढतानाही वाकून तीनदा हाक मारायचा, "खाली कोण?" पोरं हसायची. हसू देत, त्याचं काही जात नव्हतं.

राधाचा धाक म्हणून त्याने कालचा निरोपाचा हार उचलला आणि दारामागच्या खिळ्याला अडकवायला गेला. हात खिळ्यावरच थांबला. काम संपलं की पाटीसुद्धा यार्डाच्या ऑफिसातल्या खिळ्यालाच जायची. काल त्याने ती अडकवली होती का?

त्याने कालचा दिवस उलटा आठवून पाहिला. तो खड्ड्यात होता. वरून कोणीतरी ओरडलं, "काका, चला, साहेब आले!" तो वर आला, हात पुसले, मग हार, भाषण, फोटो, शिरा. पाटी काढल्याचं कुठेच आठवेना.

"खंय निघालात?" राधा ओरडली.

"येतंय," म्हणत तो जिना उतरलासुद्धा. मोबाइल चार्जिंगलाच राहिला.

यार्ड वीस मिनिटांवर होतं. तो जवळजवळ धावतच होता आणि मनाशी भांडत होता. पाटी तशीच असेल तर कालपासून इंजिन अडकलंय आणि सगळे आपल्या नावाने बोटं मोडतायत. आणि कोणी काढून टाकली असेल तर? ते त्याहून वाईट. म्हणजे आपली पाठ फिरली आणि नियम संपला. दोन्हींतलं काय खरं व्हावं, हे त्याला ठरवता येईना.

फाटकावरच्या शिपायाने काल उठून सलाम केला होता, आज बाहेरच्यांसाठीची वही पुढे केली. आनंदाने मुकाट्याने सही केली, पण ती त्याला झोंबली.

पाटी जागेवर होती. वर खिडकीतून सिद्धार्थ शंटर, म्हणजे ते इंजिन चालवणारा, वैतागून बघत होता.

"काका, किती फोन केले! आत्ता ड्युटीवर आलो, बघतो तर ही तुमची पाटी. बाकी कोणी काढेना, मी पण नाय काढली. काढा आता पटकन, तिकडे डबे खोळंबलेत."

आनंदाची छाती फुगली. सगळे थांबले होते, त्याच्या पाटीसाठी. बाजूच्या लाइनीवर दुसरं इंजिन धडधडत होतं. त्याने पाटीला हात घातला. मग सवयीने वाकला.

"खाली कोण?"

"अहो कोण नाय! तुम्हीच होता ना काल?"

"खाली कोण?"

तिसऱ्या हाकेला खालून आवाज आला, "मी आहे, घाडीकाका!"

ती दर्शना होती, चार महिन्यांपूर्वी लागलेली फिटर. काल अर्धे राहिलेले ब्रेक ती आठ वाजल्यापासून बदलत होती. खड्ड्याच्या पायऱ्या चढून ती हसत वर आली. सिद्धार्थचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुझी पाटी कुठाय?" आनंदा केवढ्याने ओरडला!

"नाव रंगवायला दिलीय. तुमची लावलेली होतीच ना. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवून गेलात."

हो म्हणणं सोपं होतं. ती खूश झाली असती, आणि त्याची चूकही झाकली गेली असती.

"विसरलो," तो म्हणाला. "विसरलो गं मी. दुसऱ्याच्या पाटीखाली कधी जायचं नाही. आत्ता मी ही काढून घरी निघालो होतो, समजतंय का? पाटीमागे माणूस लागतो. या पाटीमागचा काल घरी गेला."

दर्शनाचं हसू मावळलं. आनंदाने पाटी काढली, उलटी केली आणि तिच्या हातात दिली. तिने मागच्या बाजूवर खडूने आपलं नाव लिहिलं, पाटी शिडीला अडकवली आणि उरलेल्या कामासाठी खाली उतरली. आनंदा शिडीपाशी उभा राहिला. मग शिडीच्याच खालच्या पायरीवर बसला. डबे खोळंबले होते, तरी सिद्धार्थने भोंग्याला हात लावला नाही. सिद्धिविनायकाचे अकरा वाजून गेले.

काम संपवून दर्शना वर आली. हात पुसले, पाटीशी गेली आणि थांबली. खाली एकटी तीच होती, हे तिघांनाही माहीत होतं. तरी ती वाकली.

"खाली कोण?" ती ओरडली. पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदाही ओरडली.

खालून कोणीच ओ दिली नाही. मग तिने पाटी काढली.